कास्ट आयर्न बुलेटचं फुल इंजिन : बोअर-पिस्टनच्या आधी तेलाची वाट बघा

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी,

मोठ्या काकांची १९७४ ची साडेतीनशे बुलेट सध्या साताऱ्यात आमच्या पडवीत खोललेली आहे. काय सापडलं ते सविस्तर लिहितो, कारण अशा गाड्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आहेत आणि बहुतेकांना गॅरेजात एकच सल्ला मिळतो : "हाफ इंजिन करून टाका," म्हणजे फक्त वरचा भाग, बोअर-पिस्टन आणि रिंगा.

लक्षणं अशी. थंड असताना आवाज ठीक. गरम झाली की इंजिनाच्या पोटातून ठकठक, चढाला लोड आला की ती वाढायची. शिवाय सकाळी चालू करताना निळा धूर. गॅरेजवाल्याने निदान सांगितलं बोअर-पिस्टन. हेड आणि सिलिंडर उतरवल्यावर मी पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या जागी, आणला, कनेक्टिंग रॉड दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर-खाली ओढून पाहिला. रॉड डावी-उजवीकडे थोडा हलला तर चालतो, तो हलायलाच हवा. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. इथे स्पष्ट टिकटिक हाताला लागत होती, म्हणजे बिग एन्ड (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग) गेलेला. नवीन पिस्टन टाकून तो आवाज गेलाच नसता, आणि वर खर्च झाला असता तो वेगळा.

बोअर आधीच २० ओव्हरसाइझचा आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा. वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजला. वरच्या बाजूला, रिंगा जिथे उलटतात तिथे, बऱ्यापैकी लंबगोल झालाय. ३० ला बोअर करावाच लागेल. ते सोपं काम आहे, त्याची काळजी नाही.

मला खरं बोलायचंय ते तेलाबद्दल. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच ओतलेली आहे आणि पंप दोन आहेत. एक तेल पाठवतो, दुसरा खाली साचलेलं परत ओढतो. पाठवलेलं तेल फिल्टरमधून टायमिंग कव्हरच्या आतल्या वाटेने क्रँकच्या टोकाशी येतं आणि शाफ्टमधल्या भोकातून बिग एन्डला जातं. कव्हर स्थिर, शाफ्ट फिरता. त्या दोघांच्या सांध्यावर एक बोटाच्या पेराएवढं कॉर्कचं सील असतं, बस्स. आमच्या गाडीतलं ते सील दाबून चपटं झालेलं, वरून चकचकीत आणि इतकं कडक की नख रुतत नव्हतं. तेल बिग एन्डला जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर टायमिंग चेस्टमध्ये पडत होतं. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पूर्वी कुणीतरी कव्हरच्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी लाल सिलिकॉन थापलं होतं. त्याची आत आलेली पट्टी तेलाच्या भोकात अर्ध्यापर्यंत लोंबत होती. मी ती चिमट्याने ओढून काढली तेव्हा गांडुळासारखी सलग बाहेर आली.

बिग एन्ड का गेला याचं उत्तर तिथे होतं. त्यामुळे माझं ठाम मत झालंय : कॉर्क, पंप आणि तेलाच्या वाटा नीट केल्याशिवाय या इंजिनात एक रुपयाचाही नवीन पार्ट टाकू नये.

आता प्रश्न. बिग एन्डला पुन्हा मूळची फ्लोटिंग बुश टाकावी की बाजारात मिळतो तो रोलर बेअरिंगचा रॉड? आणि रिबोअरला कुठे जावं?

---

उद्यमनगरी

दादा, काम कोल्हापुरात आणा असं मी म्हणणारच, कारण मी तिथलाच. पण कुठंही करा, या गोष्टी बघून करा.

पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत लेथवाल्याच्या हातात द्या. "३० चा बोअर कर" असं तोंडी सांगून सिलिंडर एकटा पाठवायचा नाही. ३० लिहिलेला प्रत्येक पिस्टन सारखा नसतो. मायक्रोमीटरने स्कर्टला (पिस्टनच्या खालच्या भागाला), पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्या मापाला बोअर जुळवायचा. बीडाचा (कास्ट आयर्नचा) सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, ७० मिमीचा बोअर. आम्ही पिस्टन आणि बोअरमध्ये साडेतीन ते चार थाऊ फट ठेवतो. दोन थाऊत घट्ट बसवून देणारे आहेत, गिऱ्हाइकाला आवाज कमी वाटतो म्हणून खूश होतं. मग पहिल्याच घाटात गाडी पकडते, पिस्टन जाम होतो.

बोअरिंग मशीन शेवटची काही थाऊ सोडून थांबवायचं आणि उरलेलं होनिंगने, म्हणजे बारीक दगडाने घासून, काढायचं. आत तिरप्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत. त्या रेघांत तेल धरतं आणि रिंगा बसतात. आरशासारखा बोअर दिला तर परत करा.

रिंग सिलिंडरात सरळ बसवून गॅप फीलर गेजने बघा. या बोअरला अकरा-बारा थाऊ, म्हणजे ०.३० मिमीच्या आसपास. कमी असेल तर कानशीने घासा.

आणि होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसून भागत नाही बघा. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचा, लगेच कोरडा करून तेल लावायचं. दगडाची पूड आत राहिली तर नव्या रिंगा गावाला पोचायच्या आधी झिजतात.

क्रँकचं काम वेगळं. पिन बदलून फ्लायव्हील परत जोडली की सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल गेज लावायचा. काटा दोन थाऊच्या आत फिरला पाहिजे. तांब्याच्या हातोडीने ठोकून सरळ करायचं काम आहे, ज्याला सवय आहे त्यानंच करावं. तुमच्यासमोर डायल लावून दाखवा म्हणा. जो दाखवत नाही त्याच्याकडं क्रँक देऊ नका.

---

सह्यघाट

माझं मत थोडं वेगळं आहे. इतकं खोललंच आहे तर रोलर रॉड टाका, अॅल्युमिनियमचा सिलिंडर टाका, पॉइंट (ठिणगी पाडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. मी माझ्या गाडीत रोलर टाकलाय, तेल थोडं कमी-जास्त झालं तरी तो निभावून नेतो. फ्लोटिंग बुश तेलाला फार नाजूक. आज हायवेवर ऐंशीने जायचं असेल तर जुनं सगळं जसंच्या तसं ठेवून काय मिळणार?

---

रेडिचकर

मूळचा मिरजेचा, सध्या बर्मिंगहॅमला असतो. ज्या रेडिच गावात रॉयल एन्फील्डचा मूळ कारखाना होता ते इथून जवळच. तिथला कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासला मात्र १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट तिथे चालूच राहिली, इतकी की १९७७ पासून ती उलट इकडे निर्यात व्हायला लागली. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांच्या शेडमध्येही तुमच्यासारखीच मद्रासची इंजिनं खोललेली दिसतात आणि बुश की रोलर हा वाद इथेही तितक्याच जोरात चालतो.

सह्यघाट म्हणतात त्यात तथ्य आहे, रोलर कमी तेलावर जास्त तग धरतो. पण बुशचं काम कसं चालतं ते लक्षात घ्या. ती क्रँकपिनलाही चिकटलेली नसते आणि रॉडलाही नसते, मधल्या मध्ये स्वतः फिरते. त्यामुळे घासण्याचा वेग आत आणि बाहेर असा वाटला जातो आणि दोन्हीकडे तेलाचा पापुद्रा राहतो. ७० बाय ९० चं, ३४६ सीसीचं, साडेसहाला एक कॉम्प्रेशनचं, अठरा घोड्यांचं सावकाश फिरणारं इंजिन आहे. तेवढ्याला बुश उत्तम पुरते आणि आवाजही कमी. अट एकच, तेल अखंड मिळालं पाहिजे. अजिंक्यतारा यांनी दोष नेमका तिथेच शोधलाय. मूळ दोष राहिला तर रोलरसुद्धा फक्त उशिरा जाईल.

काकांची गाडी, वेग पन्नास-साठ, मूळ बनावट टिकवायची इच्छा. मी बुशच टाकली असती. ऐंशीने लांब लांब जायचं असेल तर रोलर. अॅल्युमिनियमचा सिलिंडर आणि बीडाचा यांत मात्र मी बीडाचाच ठेवेन. तो अजून एक ओव्हरसाइझ घेऊ शकतो आणि त्यानंतरही लायनर (आत बसवायची नवी नळी) पडतो.

---

अजिंक्यतारा

उद्यमनगरी दादा, रेडिचकर, मनापासून आभार. सिलिंडर आणि क्रँक कोल्हापुरातच करायचं ठरवलं. बुश टाकतोय.

सह्यघाट, तुमच्या वापराला तुमचा निर्णय बरोबर आहे. काका ७८ वर्षांचे आहेत, गाडी त्यांना तिच्या मूळ आवाजात हवी आहे आणि मलाही तशीच हवी आहे.

आता क्रँककेसची मेन बेअरिंग बदलायची आहेत. आधीच्या कारागिराने छिन्नीने ठोकून काढल्याच्या खुणा बैठकीच्या कडेला दिसतात. मला तसं करायचं नाही. कशी काढावीत?

---

धातुशास्त्री

ठोकायचं नाही, गरम करायचं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एक अंशाला अॅल्युमिनियम मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन, पोलाद १२. बैठक समजा ६० मिमीची आहे आणि तापमान १०० अंशांनी वाढवलं, तर बैठक बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०६६ मिमीने जास्त मोठी होते. दाबून बसवताना ठेवलेला घट्टपणा यापेक्षा कमीच असतो. म्हणून केस नीट तापवली आणि पालथी घालून लाकडावर आपटली की बेअरिंग स्वतःच्या वजनाने खाली पडतं.

जुन्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवा. घरातला स्वयंपाकाचा ओव्हन नको, तेलाचा वास जात नाही. गॅसची ज्योत एका जागी धरू नका, केस एकीकडे ताणली जाते. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, केस तापवा, आणि बेअरिंग सरळ धरून सोडा. ते तळाला बसल्याचा आवाज येतो. न बसता मध्येच अडकलं तर दाबू नका, केस पुन्हा तापवा.

बेअरिंग हाताने सहज निघत असेल, केस थंड असतानाही, तर ती बैठक घासलेली आहे. मग चिकटवणारं द्रव्य लावून वेळ मारून नेऊ नये. बैठकीत बुश बसवून पुन्हा मापाला बोअर करता येते.

---

अजिंक्यतारा

ताई, एवढा हिशेब करून सांगितल्याबद्दल धन्यवाद. बैठक थंड असताना घट्टच आहे, त्यामुळे ओव्हनचा मार्ग घेतो.

---

पेठकर

पुण्यातून लिहितोय. नाना पेठेत या गाडीचे पार्ट आजही मिळतात, पण हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. व्हॉल्व्ह गाइड, पॅकिंगचा सेट, कॉर्क सील, सगळ्यांत कमी-जास्त दर्जा असतो. पॅकिंगच्या सेटमधलं टायमिंग कव्हरचं पॅकिंग जुन्या कव्हरवर ठेवून प्रत्येक भोक जुळतं का ते बघा. मी असं पॅकिंग पाहिलंय ज्यात तेलाचं भोक पाडलेलंच नव्हतं. ते बसवलं असतं तर तुमच्या सिलिकॉनसारखाच प्रकार.

दुसरं म्हणजे क्रँककेस बदलायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. दोन्ही अर्धी एकत्र मशीन केलेली जोडी असते, एक अर्धं इकडचं आणि एक तिकडचं असं चालत नाही. शिवाय इंजिन नंबर केसवर आहे. आरसी बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळा झाला की आरटीओत काय होतं ते सांगायला नको.

कागदांवरून आठवलं. गाडी ५० वर्षांच्या पुढची आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदणी करता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,०००. गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. काका रोज मंडईत जाणार असतील तर नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरणच करा.

---

अजिंक्यतारा

पेठकर, काका आठवड्यात तीन-चार वेळा तरी काढणार, म्हणून नेहमीचंच नूतनीकरण केलंय.

आता कामाची प्रगती. क्रँक आणि सिलिंडर कोल्हापूरहून आलं, डायल माझ्यासमोर लावून दाखवला, काटा दोन थाऊच्या आत. बेअरिंग ताईंच्या पद्धतीने अलगद बसली.

पंपांवर मी सगळ्यात जास्त वेळ घातला, त्याबद्दल थोडं लिहितो. सकाळी निळा धूर का यायचा याचं मूळ इथे होतं. पंपाची डिस्क स्प्रिंगने आपल्या बैठकीवर दाबलेली असते आणि मागेपुढे डोलते. दोन्ही पृष्ठभाग सपाट असतील तर गाडी उभी असताना तेल जागेवर राहतं. आमच्या पाठवणाऱ्या पंपाच्या डिस्कवर बोटाच्या नखाला जाणवतील अशा गोल रेघा होत्या. त्यातून रात्रभर टाकीतलं तेल क्रँकमध्ये झिरपायचं आणि सकाळी ते जळायचं. काच सपाट टेबलावर ठेवून, त्यावर बारीक पेस्ट घेऊन डिस्क आठच्या आकड्यात फिरवत राहिलो. सगळीकडे एकसारखा मळकट राखाडी रंग आला की झालं. मग मेटल पॉलिशने बैठकीवरच डिस्क फिरवून शेवटचा हात दिला. पेस्टचा कण न् कण धुऊन काढला, वाटांमधून दाबाची हवा मारली. फ्लायव्हीलमधली तेलाची वाटही प्लग काढून साफ केली, तिथून काळा चिखल निघाला.

कॉर्क नवीन. तो कव्हरच्या बाहेर थोडा उभा राहायला हवा, म्हणजे कव्हर आवळताना दाबला जाऊन शाफ्टला बिलगतो. आदल्या रात्री तेलात भिजत ठेवला. पॅकिंगला फक्त ग्रीसचा हात, सिलिकॉन अजिबात नाही.

जे पहिल्यांदा खोलणार आहेत त्यांच्यासाठी : टायमिंग बाजूच्या शाफ्टवरचा वर्म नट उलट्या आट्याचा आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीच्या सवयीने जोर लावला तर शाफ्टचे आटे जातात.

---

उद्यमनगरी

लई चांगलं काम. डिस्क घासायला लोक कंटाळतात आणि नवीन पंप आणून टाकतात. नवा पंपसुद्धा घासूनच बसवावा लागतो.

चालू करायच्या आधी फिल्टरच्या खोलीत तेल भरा. रिकामी ठेवली तर पंप आधी ती खोली भरत बसतो आणि तेवढा वेळ बिग एन्ड कोरडा फिरतो. प्लग काढून किक मारत राहा. वर हेडमध्ये रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या हातांना) जाणाऱ्या नळीचा बॅन्जो बोल्ट ढिला ठेवा, तिथं तेल पाझरलं म्हणजे फेरा पूर्ण झाला. ते दिसल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

---

रेडिचकर

ठिणगीच्या टायमिंगबद्दल. जुन्या पुस्तकात १/३२ इंच लिहिलेलं असतं, म्हणजे टीडीसीच्या आधी ०.८ मिमी, अॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) मिटलेली असताना. पॉइंटचा गॅप आधी लावा, ०.३५ ते ०.४० मिमी. मग पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढत राहा आणि इंजिन हाताने फिरवा. ज्या क्षणी कागद सुटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. क्रम उलटा करू नका, गॅप बदलला की टायमिंगही सरकतं.

टॅपेट (व्हॉल्व्हचा खेळ) लावायचे ते थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली अजिबात खेळ नको.

---

अजिंक्यतारा

झालं! रॉकरच्या बोल्टजवळ तेल आलेलं बघितलं आणि मग प्लग लावला. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरचा दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन जागेवर आणला, काकांनी स्वतः किक मारली आणि इंजिन लागलं. ठकठक पूर्ण गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही धूर नाही, म्हणजे पंप तेल धरून ठेवतोय. पहिली चालवणी साताऱ्यातल्या सपाट रस्त्यावर, मग पूर्ण थंड होऊ देऊन हेडचे नट पुन्हा आवळले. पहिलं तेल लवकरच बदलणार आहे, कारण नव्या बोअरची आणि रिंगांची झीज त्यातच उतरते.

एक शंका राहिली. पेट्रोल आता इथेनॉलवालं आहे. गाडी त्या काळची. काय काळजी घ्यावी?

---

धातुशास्त्री

अभिनंदन, काकांना नमस्कार सांगा.

ऑक्टेनची चिंता नको, साडेसहाला एक कॉम्प्रेशनला कुठलंही पेट्रोल चालतं. प्रश्न दोन आहेत. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. वीस टक्के मिसळलं की मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. रनिंग-इनच्या काळात, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत, पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. प्लगचा रंग बघा. पांढुरका दिसला तर मेन जेट एक नंबर वरचा टाका, विटकरी-तपकिरी दिसला तर आहे तो राहू द्या.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. पेट्रोलची नळी आणि कॉकची वॉशर आजच बदला, इथेनॉल चालेल असं लिहिलेलीच घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरचा बाउल रिकामा करून ठेवा.

---

सह्यघाट

अजिंक्यतारा, अभिनंदन! तुमचं वाचून मी माझ्या गाडीचं टायमिंग कव्हर उघडलं. रोलर टाकून देणाऱ्याने कॉर्क जुनाच ठेवला होता, तुमच्यासारखाच कडक. पेठकर, नाना पेठेत कॉर्क घ्यायला जातोय, चांगला कसा ओळखायचा?

---

पेठकर

दाणा बारीक आणि एकसारखा हवा, दोन बोटांत दाबला की दबून परत उभा राहायला हवा. कडेचा चुरा हाताला लागला तर घेऊ नका. आतलं भोक मधोमध आहे का ते बघा, आणि दोन घ्या, एक घरात राहू द्या. शनिवारी दुपारनंतर गर्दी फार असते, सकाळी अकराच्या सुमारास या.